फाटकापाशी कुणीतरी

धाकटा दीर आखातातून सुट्टीवर आला तेव्हा त्याने सगळ्यांसाठी काही ना काही आणलं होतं. माझ्या नवऱ्याला घड्याळ, मला अत्तर, सासूबाईंना मऊ चादर आणि घराला एक घंटा, जिला ना तार ना दोरी. एक डबी फाटकाच्या खांबाला लावायची, दुसरी घरात ठेवायची. फाटकातून कुणी आलं-गेलं की घरातली डबी टिंगटाँग वाजणार आणि तिच्यावरचा लाल दिवा उघडमीट करणार.

तेव्हा आमच्या मुरबाडच्या बाजूला मुंबईच्या लोकांनी जागा घेऊन बंगले उठवायला सुरुवात केली होती. रस्त्याला अनोळखी गाड्या उभ्या राहायच्या. शेजारच्या विहिरीवरची मोटार कुणीतरी उचलून नेली होती. नवरा सकाळच्या जीपने कल्याणला कामाला जायचा, दीर पुन्हा परदेशी जाणार, म्हणजे घरात मी आणि सासूबाई दोघीच. फाटक तसं हाकेच्या अंतरावर, पण मधे बांबूचं बेट असल्यामुळे ओटीवरून ते दिसत नसे. दिराला काळजी वाटणं साहजिक होतं. पण मला उगाचच राग आला. चोर आलाय हे कळल्यावर मी काय त्याच्यासाठी चहा टाकू, असं मी त्याला विचारलं. तो हसला आणि डबी खांबाला ठोकून मोकळा झाला.

पहिल्या आठवड्यात शेळ्या आणि कुत्री यांनीच घंटेचा पुरेपूर फायदा घेतला. मग परत जाण्याआधी दिराने डबी वर सरकवली आणि त्यांची ये-जा वाजायची थांबली. मी मात्र दर वेळी दचकायची. सासूबाई बाजूच्या पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या, त्यांची मानसुद्धा हलायची नाही. काय धीराची बाई आहे, असं मला वाटायचं.

त्या वर्षी त्या एकूणच गप्प होत्या. कारण मला ठाऊक होतं. वाडीवरची एक बाई, त्यांच्याच वयाची, मी लग्न होऊन आले त्याच्याही कितीतरी आधीपासून आमच्याकडे यायची. करवंदं, खेकडे, मिरगाच्या सुमाराला शेवळाची रानभाजी. वाडीवरच्या जुन्या बायांची रीतच अशी की दारात येऊन हाक मारायची नाही. ती फाटकाच्या आत जांभळाखाली दगडावर बसायची आणि हळूच खाकरायची. एवढ्यावर सासूबाई हातातलं काम टाकून उठायच्या आणि तिला ओट्यावर घेऊन यायच्या. मग चहा, पान, आणि दोघींच्या गप्पा; ती सासूबाईंना वैनी म्हणायची. त्या गप्पांत मला कधी प्रवेश नव्हता. मला त्याचा थोडा हेवाही वाटायचा.

गेल्या पावसाळ्यापासून ती यायची बंद झाली होती. तिला आता बाजारात गिऱ्हाईक मिळालं, म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतंय, असं सासूबाई एकदा म्हणाल्या आणि विषय संपवला. वाडीवर कुणाला पाठवून चौकशी करू का, असं मी विचारलं तर माझ्यावरच डाफरल्या. मी मुरबाडच्या बाजारातून शेवळं आणली. शेवळात काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा खाजतो. ती बाई पानात गुंडाळून काकडं मोजून-मापून द्यायची. बाजारातल्या बाईने हात आखडता घेतला असणार. रात्री आम्ही तिघंही घसा खाजवत बसलो. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "तिच्या हातची नाय ती." डोळे भरले होते त्यांचे. घसा खाजला म्हणून, असं त्यांनी सांगितलं आणि आम्ही ते मान्य केलं.

त्यानंतर माझ्या ध्यानात आलं की बाजाराच्या दिवशी सकाळी घंटा वाजते, पण वाटेवरून कुणीच वर येत नाही. बऱ्याच वेळाने पुन्हा वाजते. मधे माझ्या भाकऱ्या होऊन जातात. मी दिराच्या त्या परदेशी वस्तूला मनसोक्त शिव्या घातल्या. पण असं पुन्हा झालं तेव्हा मी विचारात पडले. शेळी शिरली असती तर तिने माझी वांगी खाल्ली असती. चोर असता तर फाटकात बसून तो इतका वेळ करतो काय? पुढच्या बाजाराच्या दिवशी घंटा वाजली तशी मी गॅस बंद केला, रेडिओ बंद केला आणि मुसळ घेऊन फाटकाकडे गेले.

जांभळाखाली ती बसली होती. मांडीवर सागाच्या पानांत शेवळं. मला, आणि विशेषतः मुसळाला बघून ती लगबगीने उठली.

"जाते, जाते," ती म्हणाली. "वैनींना नका सांगू."

मी तिला खाली बसवलं. मुसळ टाकून मीही बसले. तिथून बांबूच्या फटीतून आमच्या पडवीचा कोपरा दिसत होता आणि कोपऱ्यात सासूबाई पाठमोऱ्या बसलेल्या.

"त्या रागावल्यात माझ्यावर," ती त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली. "मी येते, खाकरते. त्या मान वळवत नाय. माझं काय चुकलं ते तरी बोलायचं व्हतं."

म्हणजे वर्षभर ती येत होती. इथे बसून, ती पाठ बघून परत जात होती. मी तिचा हात धरून ओढला, चल माझ्याबरोबर. तिने हात सोडवून घेतला. त्यांनी बोलावलं तर येईन, म्हणाली. तेही बरोबरच होतं.

तिला तिथेच थांबायला सांगून मी घरी आले. पडवीच्या दारात, सासूबाईंच्या मागे उभी राहून मी हळूच खाकरले. त्या निवडत राहिल्या. पुन्हा खाकरले. काही नाही. तिसऱ्यांदा जोरात खाकरले तेव्हा त्यांनी वळून विचारलं, "सर्दी झाली का गो?"

मला रडू आलं. त्यांना ऐकू येत नव्हतं आणि ते कुणाला कळू नये म्हणून त्या जपत होत्या. आणि कळणार तरी कसं? माझा आवाज असा की मी चुलीपाशी बोलले तर रस्त्यावरच्या माणसाला आमच्या भाजीत काय पडलं ते कळावं. माझं बोलणं त्यांना ऐकू येत होतं, तेवढ्यावर आमचं घर चाललं होतं.

मी स्वयंपाकघरातली डबी आणून त्यांच्या सुपाशेजारी ठेवली. हिची घंटा बिघडलीय, आता नुसता दिवा लागतो, आज शेवळं घेऊन कुणी यायचं असेल, तुमी जरा बघत बसा, मला कामं आहेत, असं सांगितलं. त्यांनी एकदा डबीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फाटकाशी जाऊन मी त्या बाईला म्हटलं, मी पडवीत दिसले की त्या खांबासमोरून एकदा चाल आणि परत दगडावर बस.

मी पडवीत येऊन उभी राहिले. टिंगटाँग, घरभर आवाज झाला. सासूबाईंच्या कानावर तो गेलाच नाही, पण लाल दिवा लागला तो त्यांनी पाहिला. सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"ती आली," त्या म्हणाल्या. "आता खाकरली ना?"

"हो," मी म्हटलं. "मलाही ऐकू आलं."

त्या पुढे आणि मी मागे, अशा आम्ही फाटकाकडे निघालो. बांबूच्या बेटाला वळसा घातल्यावर दोघी समोरासमोर आल्या. सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या, मग रागाने म्हणाल्या, "कवाची बसलीस गो इथं?"

तिने शेवळं पुढे केली, वर काकडांची पुडी ठेवली.

"आताच आले, वैनी," ती म्हणाली.