चित्र आले, आवाज गेला

आमच्या टीव्हीच्या बटणाभोवती एक बारीक कडी होती. ती डावीकडे फिरवली की आवाज स्वच्छ येई आणि चित्रात मुंग्या भरत. उजवीकडे फिरवली की चेहरे उजळत आणि आवाजाच्या जागी नुसता फसफसाट उरे. रोजच्या कार्यक्रमांना हा त्रास नव्हता. तो फक्त शेजारच्या काकूंच्या व्हिडिओपुरता होता. ही कडी माझ्या ताब्यात असे, कारण मी इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेचा विद्यार्थी होतो आणि डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत तेवढ्या शिक्षणावर माणूस तज्ज्ञ ठरत असे. मी ती नेहमी आवाजाच्या बाजूला ठेवी. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. खरे म्हणजे ज्या एका माणसाची असायला हवी होती, त्याने ती केली नाही.

व्हिडिओ काकूंचा आणि टीव्ही आमचा, अशी वाटणी कशी झाली ते सांगायला हवे. काका मस्कतला नोकरीला होते. एका खेपेला त्यांनी व्हिडिओ आणला. रंगीत टीव्ही पुढच्या खेपेला आणायचे ठरले. जाताना त्यांनी बजावले, की यंत्र घराबाहेर जाता कामा नये. काकूंनी ही आज्ञा अक्षरशः पाळली. व्हिडिओ त्यांच्या शोकेसमध्येच राहिला, आणि मी त्याची केबल त्यांच्या झरोक्यातून काढून, सामाईक गॅलरीच्या छताखालून, आमच्या दारावरच्या झडपेतून आत आणली. त्यामुळे नाटक आमच्याकडे दिसे, पण ते सुरू करायला आणि थांबवायला काकूंना स्वतःच्या घरी पळावे लागे. त्या आमच्या उंबऱ्यापाशीच बसत. "काकू, मागे घ्या!" अशी हाक गेली की गॅलरीत चपलांचा आवाज उठे.

कॅसेट कल्याणच्या एका व्हिडिओ लायब्ररीतून येत. त्या काळी सीमेपलीकडच्या उर्दू मालिकांचे सगळ्यांना वेड होते. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर कॅसेट कॉपीची कॉपी झालेली असे. माणसे सावल्यांसारखी दिसत, आणि भाषा तर आमच्यापैकी कुणालाच धड कळत नसे. म्हणून तळमजल्यावरच्या अण्णांना वर बोलावणे जाई. अण्णा मराठवाड्याचे. त्यांचे शाळेतले शिक्षण हैदराबाद संस्थानात, उर्दूत झालेले. ते पुढ्यात खुर्ची घेऊन, प्रेक्षकांकडे अर्धे वळून, प्रत्येक वाक्याचा अर्थ खणखणीत आवाजात सांगत. आई नेहमी त्यांच्या अगदी जवळ, जमिनीवर बसे. दुसऱ्यांना जागा मिळावी म्हणून ती कोपरा धरते, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी घरात एक भीती शिरली होती आणि तिचे नाव कुणी उच्चारत नव्हते. आई विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागली होती. कुकरच्या शिट्ट्या होऊन जात आणि भात खाली लागे. दारावरची बेल वाजत राही आणि ती शांतपणे भाजी निवडत बसे. हिंदी मालिका ती अर्ध्यातच सोडून उठायची. "काय झालं गं त्या सुनेचं?" असे विचारले तर म्हणायची, "काय माहीत, माझं लक्ष नव्हतं." जिचे लक्ष आयुष्यभर सगळ्यांकडे होते, तिचे हे बोलणे आम्हांला घाबरवी.

घाबरण्याला कारण होते. खडवलीची आजी, आईची आई, शेवटची काही वर्षे पोटच्या पोरांनाही ओळखत नव्हती. एका पहाटे ती नेसत्या लुगड्यानिशी स्टेशनाच्या वाटेला लागली आणि रुळांजवळ सापडली. मामा आमच्याकडे आले की आईकडे निरखून पाहत. एकदा गॅलरीत उभे राहून ते वडिलांना म्हणाले, "आईचंही असंच सुरू झालं होतं, भाऊजी. आधी प्रश्न विसरायची, मग माणसं."

वडील कोलशेतच्या एका कारखान्यात पाळ्यांवर होते आणि मी दिवसभर कॉलेजात. दिवसा आई एकटी असे त्याला इलाज नव्हता, पण रात्री मी झोपेत असताना तीही आजीसारखी बाहेर पडली तर? दाराला आतून वरच्या बाजूला, तिचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, आणखी एक कडी लावावी, ही कल्पना माझी होती. वडील रात्रपाळीहून येईपर्यंत ती मी लावून ठेवायचो. आईने पहिल्या दिवशीच विचारले, "हे कशाला?"

"चोरांसाठी," वडील म्हणाले.

तिने कडीकडे पाहिले, मग वडिलांच्या तोंडाकडे. पुढे काही विचारले नाही. मला त्या न विचारण्याचाही अर्थ भीतीच्या बाजूनेच लागला.

आता मनाशी तपासून पाहतो तेव्हा जाणवते, की मी तिच्याशी बोलण्याची रीतच बदलून टाकली होती. लहान मुलाशी बोलावे तसे, पण तिच्याकडे न बघता, पुस्तकातून मान वर न काढता बोलायचो. उत्तर चुकले की एक सुस्कारा टाकायचो. सुस्कारा मात्र तिला दिसत असे.

तो रविवार मालिकेच्या शेवटच्या भागाचा होता. दुपारची जेवणे आटोपून मंडळी जमली. कॅसेट दुसऱ्या दिवशी परत करायची होती आणि ती इतकी झिजलेली होती, की नायिका कोण आणि तिची आत्या कोण, हेही सांगता येईना.

"अरे, शेवटच्या भागाला तरी तोंडं दिसू देत की त्यांची," काकू उंबऱ्यातून म्हणाल्या. "एवढे दिवस नुसत्या मुंग्यांसाठी रडतेय मी."

मी कडी उजवीकडे फिरवली. चित्र कधी नव्हे इतके लख्ख आले. नायिकेच्या पापण्यांचे केस दिसले. आणि आवाज गेला.

"काय करायलास रे, इंजिनियर?" अण्णा ओरडले. "बाई आलीय, पण बोलायली कुठं?"

"थांबा, अण्णा. मधली जागा शोधतो."

"तू शोधस्तोवर निकाह होऊन पोरं शाळेत जातील त्यांची!"

मधली जागा सापडेना. पलीकडे केबलचा सांधा सैल झाला असावा असे वाटून मी काकूंना घेऊन त्यांच्या घरी गेलो. अण्णा सुपारी कातरत गॅलरीत आले. काकूंच्या शोकेसमध्ये यंत्र फिरतच होते. ते थांबवायचे त्या गडबडीत कुणाला सुचले नाही. सांधा ठीकच होता. मी हात पुसत परत आलो.

आई एकटी टीव्हीसमोर बसली होती. वडील मागे पलंगावर. पडद्यावर दोन बायका आणि एक तरुण, आणि खोलीत नुसता फसफसाट. आईने पदर डोळ्यांना लावला होता.

तिने मान वळवली. "अण्णा, आज तुम्ही गप्प का? एवढा चांगला भाग, आणि काहीच सांगत नाही."

अण्णा दारात थबकले. "आवाजच नाही, ताई. सांगू काय?"

"आवाज नाही?" ती आम्हा सगळ्यांकडे पाहू लागली. "म्हणजे?"

काकू हसल्या. "वहिनी, मग तुम्ही रडताय कशाला?"

"रडू नको तर काय! थोरलीने घराची किल्ली भावाच्या हातात ठेवली. सुखाने जाते म्हणतेय, पण खोटं बोलतेय ती. ओठ हसतायत, गळा बघा तिचा, कसा हलतोय. आणि तो गधडा खरं मानून बसला. आत्याला सगळं कळलंय, म्हणून ती खिडकीकडे तोंड करून उभी आहे."

अण्णांनी अडकित्ता मिटला. मग अण्णा म्हणाले, "मागं घ्या हो जरा."

काकू पळाल्या. मी कडी डावीकडे फिरवली. मुंग्या आल्या, माणसे विरघळली आणि आवाज फुटला. अण्णांनी खुर्ची ओढली आणि एकेक वाक्य सांगू लागले. किल्ली. मी सुखात जाते आहे. भावाचे आभार. आत्याचे तुटक उत्तर. आईने जे सांगितले त्यात तसूभर फरक नव्हता. गळ्याचे तेवढे अण्णांनाही कळले नव्हते, कारण ते संवादात नव्हतेच.

"ताईंनी बरोब्बर सांगितलं की," अण्णा पुटपुटले. "माझ्याबिगर!"

वडील पलंगावरून उठले. ते आईच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अगं, चहा टाकतेस का?"

आई पडद्याकडे पाहत होती.

"अगं ए," ते जरा मोठ्याने म्हणाले. मग आणखी मोठ्याने, इतके की अण्णा दचकले. आई हलली नाही. वडील मग वळसा घालून तिच्यासमोर आले, खाली बसले आणि ओठही जेमतेम हलवत, जवळजवळ आवाज न काढता म्हणाले, "चहा."

"आणते ना," आई म्हणाली. "त्यात एवढं तोंडासमोर येऊन बसायला काय झालं?"

वडील हसू लागले. शिस्तीचे, तोलून बोलणारे गृहस्थ जमिनीवर बसकण मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते आणि मधूनमधून म्हणत होते, "कान! अरे, कान आहेत नुसते! डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा ताजं आहे हिचं." काकूंनाही हसू आवरेना. त्यांना या प्रकरणातले काहीच ठाऊक नव्हते. मला मात्र हसता आले नाही. छातीवरचे एक ओझे इतके अचानक उतरले, की मी भिंतीला हात टेकून उभा राहिलो.

चहाच्या वेळी मी स्वयंपाकघरात गेलो. या वेळी तिच्यासमोर उभा राहिलो आणि विचारले, "आई, तुला ऐकू येत नाही हे तू सांगितलं का नाहीस?"

तिने आधणात साखर घातली. "मला तरी कुठे ठाऊक होतं? आवाज एका दिवसात गेला असता तर कळलं असतं रे. तुम्ही बोलता ते कानावर पडायचं, पण अर्थ लागायचा नाही. मला वाटलं, माझंही सुरू झालं. खडवलीसारखं."

"कुणी सांगितलं तुला खडवलीचं?"

"सांगायला कशाला हवं? तुम्ही गॅलरीत जाऊन बोलायचात. तो शब्द आला की तुझे वडील मान खाली घालतात. इथून सगळं दिसायचं."

मी कपबश्या मांडल्या. तीच चहा गाळता गाळता पुढे म्हणाली, "म्हणून त्या उर्दू नाटकांना मी बसायचे. तिथे सगळेच विचारायचे, काय म्हणाला, काय म्हणाला? मी विचारलं तर कुणी सुस्कारा टाकायचं नाही. आणि अण्णा कसे, तोंड माझ्याकडे करून, ओरडून सांगतात."

म्हणजे आठवड्यातले ते दोन तास तिच्यासाठी करमणुकीचे नव्हते, किंवा नुसते करमणुकीचे नव्हते. तेवढा वेळ ती बाकीच्यांसारखीच असे. आणि मी, तज्ज्ञ, कडी आवाजाकडे फिरवून तिच्यापुढचे चेहरे पुसून टाकत होतो.

ठाण्याला एका कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही तिला नेले. त्यांनी कंटाळवाण्या स्वरात सांगितले, की कानातले बारीक हाड ताठरत चालले आहे, हे अनेकांना होते, यंत्राने भागेल. "आणि बाकी काही?" वडिलांनी विचारले. "म्हणजे, डोक्याचं वगैरे?"

"त्यांच्या डोक्याला काय झालंय?" डॉक्टर म्हणाले. त्या कंटाळवाण्या स्वराइतके सुंदर मी तोवर काही ऐकले नव्हते.

यंत्र म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर. पहिल्या दिवशी आईला नळाचा, भांड्यांचा, स्वतःच्या बांगड्यांचासुद्धा त्रास झाला. संध्याकाळी अण्णा जिन्यातून बोलत वर आले तेव्हा ती म्हणाली, "हे रोजच एवढं ओरडतात?"

"तुमच्यासाठीच की, ताई!" अण्णा म्हणाले, आणि लगेच आवाज खाली आणला.

पुढच्या रविवारी वडिलांनी स्टूल घेतले, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि दारावरची ती उंच कडी काढायला घेतली. स्टूल डगमगू नये म्हणून मी ते धरून उभा होतो. खरे तर ती कडी मीच काढायला हवी होती, पण वडिलांनी ते मला म्हटले नाही आणि मलाही पुढे होण्याचे धैर्य झाले नाही. स्क्रू गंजला होता. तो कुरकुरत सैल होऊ लागला. आई आमच्याकडे पाठ करून ओट्यापाशी पोळ्या लाटत होती.

"काय काढताय हो?" तिने विचारले. मान वळवली नाही. लाटणेही थांबले नव्हते.

वडिलांचा हात हवेतच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग घसा साफ करून ते म्हणाले, "कडी. चोर आता येत नाहीत म्हणे."

"यायचे कुठून?" आई म्हणाली. "घरातलेच तर होते दोघं. उतरा खाली, पोळी गार होतेय."

वडिलांनी उरलेला स्क्रू काढला आणि कडी माझ्या हातात दिली. आम्ही जेवायला बसलो. चौकटीवर चार भोके राहिली होती, आणि आई वाढता वाढता आमच्यापैकी कुणाच्याच तोंडाकडे न बघता आमच्या बोलण्याला उत्तरे देत होती.