कोऱ्या पडद्याचा कारागीर

उज्जैनला देवास गेटच्या बस स्टँडमागे एक माणूस जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या मराठी वाचनालयाचा कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. कमिटीने तो भंगारात काढायचं ठरवलं, तेव्हा मी हट्टाने त्याच्याकडे नेला.

त्याने बटण दाबलं आणि आतल्या पंख्याच्या आवाजाला कान लावून बसला. मग म्हणाला, "मशीन थकी नहीं है मॅडम, इस पर सजावट बहुत लाद रखी है." त्याने सगळा झगमगाट काढून टाकला आणि विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीचा एक हलका डेस्कटॉप बसवला. खाली एक पट्टी, चार चिन्हं आणि मागे नुसता राखाडी रंग.

मी म्हटलं, "पीछे महाकाल का फोटो लगा दीजिए ना." उज्जैनमध्ये तो बहुतेक पडद्यांवर असतोच. त्याच्या स्वतःच्या कपाळावर सकाळचं भस्म होतं, तरी त्याने मान हलवली. "दर्शन मंदिर में कीजिए. इसको काम करने दीजिए."

मग मला खुर्चीवर बसवून एका पुस्तकाचं नाव टाइप करायला लावलं. अक्षरं बोटांबरोबर उमटत गेली, तेव्हा तो पडद्याकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

आता सभासद विचारतात, नवीन घेतला का? जुनाच आहे, असं मी जरा मोठ्यानेच सांगते. परवा आमचे सेक्रेटरी पेनड्राइव्हमध्ये महाकालचा फोटो घेऊन आले. मी हात आडवा धरला आणि मराठी माणसाला हिंदीत म्हणाले, "इसको काम करने दीजिए."