भाऊंचे कान

थंडीत सकाळी खिडकी उघडून माझी बायको म्हणते, "या अल्ला, काय मस्त धुकं पडलं पाहा," आणि माझं डोकं फिरतं. मी उठून खिडकी लावून घेतो. पूर्वी ती चिडायची, आता तिला सवय झाली आहे. मुदतीआधीच नोकरी सोडून घरी बसलो, तरी धुक्याचं आणि माझं काही जमलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी गोंदिया-बल्लारशा लायनीवर असिस्टंट ड्रायवर होतो. छोटी लाईन नुकतीच मोठी झाली होती. वडसा, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि मधे सगळं जंगल, नाहीतर धानाच्या बांध्या आणि तलाव. माझे वडील चंद्रपुरात शिंपी. आमच्या खानदानात सरकारी नोकरीत लागलेला पहिला माणूस मी, त्यामुळे जरा ताठच होतो. राग तर नाकावर. तिकीट खिडकीवरच्या बाबूशी, चहावाल्याशी, कोणाशीही भांडायला मला कारण लागायचं नाही.

एका माणसाशी मात्र कधी भांडलो नाही. ते माझे ड्रायवर. गोंडपिपरीकडचे, धानाची शेती असलेल्या घरचे, पन्नाशी ओलांडलेले. सगळी लाईन त्यांना भाऊ म्हणायची. आमची ड्यूटी एकत्र लागावी म्हणून आम्ही दोघं ड्यूटीवाल्या बाबूच्या मागे लागायचो आणि बहुतेक वेळा ती लागायची. असं का करायचो, ते सांगतो.

आमच्या कामात एक शिस्त असते. सिग्नल दिसला की ड्रायवरनं त्याचा रंग मोठ्यानं पुकारायचा, आणि असिस्टंटनं तो स्वतः पाहून परत पुकारायचा. दोन डोळे चुकतील, चार चुकणार नाहीत, असा त्याच्यामागचा हिशोब. आमच्या इंजिनात हे उलटं चालायचं. आधी मी पुकारायचो, मग भाऊ. मला वाटायचं, नवीन माणसाला तयार करून राह्यले. मनातून खूश होतो.

एकदा भर दुपारी, लख्ख उन्हात, मी बाटली तोंडाला लावून पाणी पीत होतो. समोर सिग्नल हिरवा. तोंडात पाणी, म्हणून मी पुकारला नाही. भाऊंनीही पुकारला नाही. त्यांनी ब्रेक लावायला सुरुवात केली. हिरव्या सिग्नलला ब्रेक!

"काय दिसते बे?" त्यांनी विचारलं. मान सरळ, नजर समोर.

मी घोट गिळला. "हिरवा आहे ना भाऊ."

"हिरवा," ते म्हणाले आणि गाडी सोडली.

पुढच्या स्टेशनवर गाडी थांबल्यावर विचारलं, "भाऊ, तुम्हाले दिसत नाई का?"

"तुले दिसते ना? मंग झालं," ते म्हणाले, आणि डबा उघडून मला अर्धी भाकर दिली.

त्यांना काचबिंदू होता, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच समजलं की लांबचं सगळं त्यांना पुसट दिसतं. तपासणीत कळलं तर इंजिनावरून उतरवतील, कुठंतरी गोदामात मोजदाद करायला बसवतील, याची त्यांना भल्ली भीती होती. म्हणायचे, "मले गाडीतूनच रिटायर होऊ दे बे. दोन-अडीच वर्षं. तेवढं तुह्या डोयानं चालून जाईन." आणि मी हो म्हटलं. चूक की बरोबर, हा विचार मनात आला नाही असं नाही. पण भाऊंना नाही म्हणणं मला जमलं नसतं.

आणि खरं सांगतो, धुक्यात त्यांच्यासारखा ड्रायवर त्या लायनीवर नव्हता. धुक्यात डोळस माणूस घाबरून जातो. समोर पांढरं, बाजूला पांढरं, गाडी पुढं चाललीय की जागेवरच आहे तेही कळत नाही. बाकीचे ड्रायवर काचेला नाक लावून बसायचे. भाऊ बाजूची खिडकी पूर्ण उघडायचे, मफलर कानावरून मागं सारायचे आणि डोळे चक्क मिटून घ्यायचे.

"पूल आला," म्हणायचे, आणि चाकांचा आवाज पोकळ व्हायचा. दोन्ही बाजूंना माती उंच असली की इंजिनाचा आवाज जवळून परत यायचा, ते खोदकाम त्यांना पाठ. तलावाशेजारून जाताना गालाला गार लागायचं. राइस मिलजवळ उकडलेल्या धानाचा वास. एका फाटकावर कुत्री होती, ती गाडीवर भुंकायची. "कुत्रे भुकले, आता एक मैलावर सिग्नल," की लगेच वेग कमी. मी खिडकीतून अर्धा बाहेर निघून सिग्नल शोधायचो, दिसला की पुकारायचो. कान त्यांचे, डोळे माझे. अशी आमची गाडी चालायची, आणि बाप्पा, वेळेवर चालायची.

उत्तरेकडे धुक्याच्या दिवसांत सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाके बांधतात. चाक त्यावरून गेलं की धडाम आवाज होतो आणि ड्रायवरला कळतं, सिग्नल जवळ आला. आमच्याकडे धुकं वर्षातून चार-आठ दिवसांचं. फटाके स्टेशनात असायचे, ते घेऊन जायला माणूसही असायचा, पण धुकं त्याला विचारून थोडंच पडतं?

त्या दिवशी ते असंच अचानक पडलं. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता. सकाळी सातच्या सुमारास पॅसेंजर घेऊन आम्ही बल्लारशाकडे निघालो होतो. गाडीत दूधवाले, कॉलेजची मुलं, भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया. गाडी आधीच अर्धा तास लेट. मी घरून भांडून निघालो होतो. कशावरून ते आता आठवतही नाही. एक तास डोकं बाहेर काढून डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, कान बधिर झाले होते.

कुत्री भुंकली. भाऊंनी वेग कमी केला.

"काय दिसते बे?"

"अजून काई नाई."

गाडी सरकत होती. "काय दिसते बे?"

"नाई ना भाऊ!"

"आतापर्यंत दिसाले पायजे होता. नीट पाय. काय दिसते?"

माझं डोकं सटकलं. लाज वाटत होती, की माझं एकच काम आणि तेही मला जमत नाहीये. पुढच्या स्टेशनात शिरायचा तो सिग्नल आमच्या गाडीला रोज हिरवाच असायचा. मी ओरडलो, "हिरवा! हिरवा आहे, चला आता!"

मला काही दिसलं नव्हतं. लाल नाही, हिरवा नाही, सिग्नलचा खांबसुद्धा नाही. फक्त पांढरं.

"हिरवा," भाऊंनी पुकारलं आणि गाडी सोडली.

पुढं काय झालं ते मोजून दहा-पंधरा सेकंदांचं. चाकं रूळ बदलायच्या सांध्यांवरून खडखडली. रोजही खडखडायची, पण तेव्हा गाडी सरळ जायची. आज खडखडीचा सूर बदलला आणि इंजिनानं डावीकडे हलकासा हेलकावा घेतला. मला ते जाणवलंसुद्धा नाही. भाऊ ओरडले, "बाजूच्या लायनीत चाललो!" आणि त्यांनी सगळा ब्रेक एकदम टाकला. मागून डब्यांचा दणका आला, बायांच्या किंकाळ्या आल्या. गाडी थांबली तेव्हा समोर धुक्यातून एका मालगाडीचा शेवटचा डबा दिसत होता. मधे दोन डब्यांएवढी जागा. त्या डब्यात गार्ड स्टोव्हवर चहा करत होता. तो खाली उतरून आला तेव्हा चहाची गाळणी त्याच्या हातातच होती.

सिग्नल लाल होता. मालगाडी नुकतीच बाजूच्या लायनीत घेतली होती आणि सांधे अजून फिरवले नव्हते. फटाकेवाला बूट घालून निघतच होता. कोणी मेलं नाही. एका बाईचं डोकं फुटलं, टोपल्यांतली वांगी डबाभर झाली. ज्या कानांनी सांध्यांचा तो बदललेला सूर ओळखला, त्या कानांनी दीड-दोनशे माणसं वाचवली. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

चौकशी झाली. आम्हाला वेगवेगळं बोलावलं. मधे प्लायवूडची भिंत, पलीकडचं सगळं ऐकू यायचं. आधी मला विचारलं, "तुम्ही काय पुकारलं?"

घरी सहा महिन्यांची मुलगी होती. नोकरी लागून पाच वर्षं झाली होती. यातलं काहीही कारण म्हणून सांगायची माझी लायकी नाही. मी म्हणालो, "लाल पुकारला साहेब. भाऊंना ऐकू गेला नसेल."

सही केली. बाहेर बाकावर येऊन बसलो. मग भाऊ आत गेले. साहेबांनी त्यांना माझा जबाब वाचून दाखवला. मी भिंतीला कान लावून बसलो होतो. मनात म्हणत होतो, आता भाऊ मला शिव्या देणार, फोकनीचा खोटं बोलून राह्यला म्हणणार. म्हणावं, असंही वाटत होतं.

भाऊ हळूच म्हणाले, "त्यानं लाल म्हटलं, असं तो म्हणते का?"

"हो."

"मंग लालच म्हटलं असंन साहेब. तो खोटं नाई बोलत. मलेच हिरवं ऐकू आलं."

तीन वर्षं तो माणूस माझ्या डोळ्यांनी जगला होता. मी सांगितलेला प्रत्येक रंग त्यानं मान्य केला होता. हाही केला.

त्यांचे डोळे तपासले, सगळं बाहेर आलं. इंजिनावरून गेले, नोकरीतूनही गेले. मला किरकोळ शिक्षा झाली आणि पुढं मी ड्रायवर झालो. त्यांच्याच सीटवर, डावीकडे बसायला लागलो.

धुकं पडलं की सुरू व्हायचं. "काय दिसते बे?" अगदी कानाशी. पहिल्यांदा मी वळून पाहिलं. नंतर नंतर वळायचं सोडलं. सिग्नल स्वच्छ दिसत असला तरी आवाज यायचा. एकदा माझा असिस्टंट म्हणाला, "साहेब, तुम्ही मले तेच तेच काऊन विचारून राह्यले? तीनदा सांगतलं ना, हिरवा आहे." तेव्हा कळलं की ते शब्द माझ्याच तोंडून निघत होते. त्या दिवशी मी गाडी कशीबशी नेली. घरी येऊन बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. सकाळी ती म्हणाली, "मला सांगून काय फायदा? ज्याला सांगायचं त्याला सांगा ना."

आठ-नऊ वर्षं झाली होती तोवर. एका दुपारी गोंडपिपरीची बस पकडली, तिथून दुसरी बस, मग पायी. भाऊ अंगणात बाजेवर उन्हात बसले होते. आता अजिबात दिसत नव्हतं. मी पाय वाजवत गेलो. मला वाटलं ओळखतील. गाडीत माझ्या खोकण्यावरून ते ओळखायचे मला सर्दी कधी होणार ते.

"कोण आहे?" त्यांनी घरात हाक मारली. "वो, पाय बरं कोण आलं."

त्यांची बायको, आमच्या वहिनी, बाहेर आल्या, मला पाहून त्यांनी माझं नाव सांगितलं. भाऊंचा चेहरा फुलला. माझे दोन्ही हात धरले, खांदे चाचपले. "मोठा झाला बे! ड्रायवर झाला म्हणते!"

चहा घेताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, यायले समजवा जरा. डोये गेले ते गेले. पण कान चांगले आहेत ना? घरामागं वावर आहे, एकटे जात नाईत. मी हाक मारली तरी आधी हात लावून पायतेत, मीच आहो का म्हणून."

"माह्या कानाचा भरोसा नाई," भाऊ शांतपणे म्हणाले. "याले विचार. यानं लाल म्हटलं, मले हिरवं ऐकू आलं. एवढे लोक मारले असते मी."

मी चहा खाली ठेवला. बाजेजवळ जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. काही दिसलं नव्हतं हे, हिरवा म्हणून ओरडलो हे, चौकशीत खोटं बोललो हे. म्हणालो, "भाऊ, तुमचे कान बरोबर होते. तुमच्या कानानंच आपण सगळे वाचलो. मी हरामखोर आहे." मला रडू आवरत नव्हतं. वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "इतक्या दूरून माह्यासाठी आला, अन् म्हाताऱ्याचं मन राखाले एवढं खोटं बोलून राह्यला. कायले बे? कागदावर लिहिलं आहे ना सगळं. तुह्या सहीचं."

मी अल्लाची कसम घेतली. "कसम नको घेऊ," ते म्हणाले. "पाप लागते." मी वहिनींकडे पाहिलं. त्यांना खरं कळलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. त्या कप उचलून आत गेल्या.

निघताना भाऊ अंगणाच्या फाटकापर्यंत आले, माझा दंड घट्ट धरून. लांब रस्त्यावर, वळणाच्या अलीकडे हॉर्न वाजला. त्यांची मान लगेच तिकडं वळली, मला ऐकू यायच्या आधी.

"ते काय आहे? बस आहे का?"

"बस आहे भाऊ."

"मलेबी बसच वाटली होती," ते म्हणाले. "पण म्हटलं, तुले विचारून घ्यावं."