पाहुण्या मुंग्या
कुणाकडे आरतीला कापूर पेटला की मला बाबांचा पाय आठवतो. लालबागच्या आमच्या चाळीत आई रोज सकाळी उंबऱ्याशी मुंग्यांना चिमूटभर साखर घालायची. काळ्या मुंग्या देवाच्या, चावत नाहीत, म्हणायची. समोर मिलच्या जागेवर टॉवर झाला, तिथल्या माळ्याने टाकून दिलेली परदेशी झाडाची कुंडी तिने हौसेने उचलून आणली आणि महिन्याभरात काळ्या मुंग्यांच्या जागी पिवळट, वेड्यासारख्या पळणाऱ्या मुंग्या झाल्या. "ह्या आपल्याकडच्या नाहीत गं, साखर बंद कर," मी म्हटलं. "पाहुण्या आहेत, खाऊ दे," ती म्हणाली. बाबांचा पाय मधुमेहाने बधिर झालेला, पावलाला न भरणारी जखम. एका दुपारी पट्टी बदलायला चादर उचलली, तर मुंग्यांची रांग खाटेवर चढून थेट जखमेत शिरली होती आणि बाबा निवांत पेपर वाचत होते. "काय झालं रे?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हटलं. आईने कापूर कुटून खाटेभोवती टाकला, पण पुढच्या आठवड्यात पाऊल कापावं लागलं. कुंडी फेकली, औषध मारलं, तरी त्या मुंग्या हटल्या नाहीत. बाबा गेले, आईची नजर गेली. ती अजून विचारते, "काळ्या परत आल्या का रे?" पिवळी रांग बघत मी सांगतो, "आल्या."