न चाखलेलं लोणचं

आमच्या घरी स्वयंपाक करताना चाखायची पद्धत नव्हती. आधी देवापुढे ताट, मग माणसांपुढे. त्याआधी जिभेला काही लागलं की सगळं उष्टं. लहानपणी एकदा मी वरणाची पळी चाटली, तर आईने तीच पळी पाठीत घातली. त्यामुळे मीठ मी हाताने शिकले, हळद रंगावरून, फोडणी वासावरून. सातवीनंतर शाळा सुटली, दिवसभर चुलीपाशीच असायचे, हात लवकर बसला. चव कशी झाली ते मात्र पंगतीत कळायचं, तेही दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून.

लग्न होऊन गोंदियाकडून इतक्या लांब नगरला आले. मिस्टर एमआयडीसीत कामाला आणि आम्ही सावेडीत एका बंगल्यामागच्या खोलीत. घरमालक काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, काकू सरकारी दवाखान्यातून. त्या सिस्टर होत्या म्हणून काका अजून त्यांना सिस्टरच म्हणतात. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, शेजारी निळ्या कोटातला फोटो. ते ऐकून माझ्या आईने फोनवर विषयच बदलला होता. मग माझं बाळंतपण आलं. तिकडे धानाचं रोवणं सुरू, वडील अंथरुणाला खिळलेले, माहेरून कोणी येईना. काकूंनी मला न्हाऊमाखू घातलं, डिंकाचे लाडू केले, बाळ रडलं की पदर खोचून उभ्या. तेव्हापासून आई फोनवर आधी त्यांची तब्येत विचारते, मग माझी.

त्यांच्या घरात नैवेद्य नाही, त्यामुळे काकू सगळं चाखायच्या. उकळती आमटीसुद्धा तळहातावर घेऊन फुंकर मारून. मी चाखत नाही याचं त्यांना हसू यायचं. "खारट झालं तर देव मीठ काढून देणारे का गं?" म्हणायच्या. पण जबरदस्ती कधी केली नाही. मी घालायचं आणि त्यांनी चाखायचं, अशी आमची वाटणी आपोआप पडून गेली.

मागच्या अंगणात लिंबाचं एक झाड आहे आणि रंगाच्या रिकाम्या बादल्यांत टोमॅटो. यंदा उन्हाळा लागता लागता दोन्ही एकदमच अंगावर आले. शेजारीपाजारी वाटूनही टोमॅटो टोपलीत मऊ पडायला लागले. त्यातच काकूंच्या लेकीचा फोन आला. लेक नागपूरला असते, म्हणजे माझं माहेर जिकडे, तिकडे त्यांची लेक. तिला दिवस गेले होते आणि पोटात काही ठरत नव्हतं, पाणीसुद्धा उलटून पडायचं. "आई, तुझं लिंबाचं लोणचं असतं तर दोन घास गेले असते. आणि तो सॉस, पोळीला लावायला."

झालं. काकूंनी कंबरच कसली. येत्या रविवारी शेजारचे लोक गाडीने नागपूरला जाणार होते, त्यांच्याबरोबर बरणी आणि बाटल्या पाठवायच्या.

लिंबाच्या फोडी करून मी मीठ घातलं, नेहमीच्या हाताने. बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधून ती उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी काकूंनी रस बोटावर घेतला, जिभेला लावला आणि म्हणाल्या, "अळणी आहे गं."

मी घातलं. परत दोन दिवसांनी तेच. "अजून घाल. लिंबू मीठ पितं."

सॉसचंही तसंच. टोमॅटो शिजवून पुरणयंत्रातून काढले, लवंग-दालचिनीची पुरचुंडी सोडली, ताटलीत थेंब टाकला की बाजूला पाणी सुटेना इतका आटवला. काकूंनी चमचा तोंडात घेतला आणि वर बघत राहिल्या, जसं काही आठवायचं राहिलंय. "मीठ," म्हणाल्या. मी घातलं. "थोडं अजून."

माझा गोंधळ असा की हात म्हणत होता पुरे, आणि काकू म्हणत होत्या घाल. आता मी हाताचं ऐकायचं का काकूंचं? मला वाटलं, लेकराच्या जाग्रणाने माझाच अंदाज चुकतोय. का नवीन पुड्यातलं मीठच फिकं असेल? मीठ फिकं असतं का कधी? मी मिस्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, "मला काय कळतं त्यातलं?" आणि झोपले.

दुपारी काका जेवायला बसले. ताटात सॉस होता. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले, दुसऱ्याला तांब्याभर पाणी प्यायले आणि उरलेला सॉस भाकरीच्या तुकड्याखाली सारून ठेवला. मी आपली त्यांच्या तोंडाकडे बघतेय, आईच्या पंगतीत बघायचे तशी.

संध्याकाळी मी नळावर भांडी घासत होते, तिथे ते आले.

"पोरी, लोनचं चाखलं का गं तू?"

"नाही काका, मी चाखत नसते."

"मंग कोन चाखतं?"

"काकू."

"हां." ते टमाट्याच्या बादलीतलं वाळकं पान तोडत उभे राहिले. मग आवाज खाली करून म्हणाले, "परवा चहात मी साखर समजून मीठ टाकलं. घोट घेतला अन् बेसिनकडं पळालो. सिस्टर मातर आख्खा कप पिली. पेपर वाचत. लई निवांत."

"मग?"

"मंग काय, मलाच कळंना मंग काय." आणि गेले.

ते ऐकून माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. म्हणजे काकूंना चव कळत नाही? थंडीत त्यांना मोठा ताप येऊन गेला होता, तेव्हापासून? मग त्या बोलल्या का नाहीत? आणि मी बोलायचं कसं? जिने माझं बाळंतपण काढलं, आयुष्यभर दवाखान्यात दुसऱ्यांची दुखणी ओळखली, तिला मी सातवी शिकलेली बाई सांगणार, की काकू तुमची जीभ गेली? आणि नसेल तसं तर? काकांच्याच तोंडाची चव बिघडलेली असेल तर? खात्री करायची तर एकच वाट होती, आणि तिथे माझी आई पळी घेऊन उभी होती.

रविवार तर उद्यावर आला.

काकू बाहेर गेल्या होत्या तेव्हा मी बरणी उघडली. बोट बुडवलं. आईशप्पथ सांगते, पाठीवर आपोआप झिणझिण्या आल्या. जिभेला लावलं आणि तोंड असं आक्रसलं की कानापर्यंत खार गेली. लिंबाचा तर पत्ताच नाही, नुसतं मीठ. ही बरणी उलट्या होणाऱ्या पोटुशीकडे जाणार होती! सॉसची बाटली उघडली, तीही तशीच. मी बोट तोंडात घालून उभी आणि दारात काकू.

"चाखलंस?" त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. नवल वाटल्यासारखं म्हणाल्या.

मला रडूच फुटलं. "काकू, खारट झालंय हो. खूपच."

त्या स्टुलावर बसल्या. पिशवी मांडीवरच राहिली. "मला फक्त गार आणि गरम कळतं," त्या म्हणाल्या. "वाससुद्धा नाही. तापापासून. म्हटलं येईल हळूहळू. लेकीला कळलं तर या अवस्थेत धावत येईल म्हणून कुणाला बोलले नाही."

"पण मग अळणी कसं म्हणायचात?"

"अळणीच लागतं ना सगळं! आणि मला वाटायचं, मी चुकले तर तू बोलशील. तू काही बोलत नाहीस म्हणजे बरोबरच असेल."

"मी कशी बोलू? मी चाखतच नव्हते. मला वाटलं, तुम्ही चाखताय."

जिला चाखता येत होतं ती चाखत नव्हती, आणि चाखत होती तिला काही कळत नव्हतं. तेवढ्यात पडवीतून काकांचा आवाज आला, "अन् मी बिचारा मदी खात हुतो, त्याचं काय?"

काकू एवढ्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला. हसण्याचंच पाणी होतं का ते, मला सांगता येणार नाही.

मग घाई. काका आकडीची काठी घेऊन झाडाला भिडले, वरच्या फांदीची उरलीसुरली लिंबं काढली. ती मी कुकरमध्ये उकडली, फोडी केल्या आणि मीठ न घालता गुळाबरोबर खारट फोडींत कालवल्या. टोपलीतल्या मऊ टोमॅटोंचा बिनमिठाचा सॉस करून पहिल्यात मिसळला. काकू चमचा पुढे करायच्या आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायच्या, थर्मामीटर बघावा तशा.

"आता?"

"अजून खारट."

"आता?"

"आता गूळ पुढे आलाय."

"तोंड वाकडं केलंस, म्हणजे अजून नाही. थांब."

किती वेळा चाखलं, शेवटी माझी जीभच बधिर झाली. पाणी पिऊन परत. एका चमच्याला मी काहीच बोलले नाही, तर काकू म्हणाल्या, "झालं. झाकण लाव." मला विचारलंसुद्धा नाही. मला स्वतःला झालंय की नाही, ते तेव्हाही नक्की कळत नव्हतं.

रविवारी बरणी गेली. पुढचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग लेकीचा फोन आला, काकूंनी स्पीकरवर लावला. "आई, दोन पोळ्या खाल्ल्या. पोटात राहिल्या! पण लोणचं जरा वेगळं लागतंय गं. तूच केलंस ना?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"घरातच केलंय," काकू म्हणाल्या. "खा तू." फोन ठेवून मला म्हणाल्या, "सांगणारे मी तिला. आधी सुखरूप सुटू दे."

आता रोज आमटीची पळी माझ्याकडे येते. मी तळहातावर घेते, फुंकर मारते, चाखते. पण एक कोडं राहिलंच. हे बरोबर, हे चुकलं, असं मी ठरवते ते कशावरून? आईची चव म्हणावी, तर आईनेही कधी न चाखताच केलेलं. तिच्या जवसाच्या तेलातल्या लोणच्यात मीठ किती असायचं ते तिलाही पंगतीतच कळायचं. आणि काकूंची चव म्हणावी, तर ती मी चाखायला लागले तेव्हा त्यांच्यापाशी उरलीच नव्हती.

परवा आईने फोनवर विचारलं, "चाखत त नाही न वं बाई, सैपाक करताना?"

काकू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, तोंडात आमटी होती, म्हणून मला उत्तर देता आलं नाही.