समोर बघून बोलणाऱ्या वाघमारे मॅडम

वाघमारे मॅडमची आणि माझी ओळख भांडणाने झाली. त्यांच्या गौरवग्रंथात हे लिहिणे शोभते की नाही, मला ठाऊक नाही. पण मॅडमना खोटे चालत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. परदेशातले स्वस्त टॉवेल बाजारात आले, आमच्या सोलापुरी टॉवेलची बाहेरची मागणी आटली आणि ज्या कारखान्यात माझी उमेदीची सगळी वर्षे यंत्रमागावर गेली, तो बंद पडला. माग भंगारात गेले. मी घरी बसून बायकोवर चिडचिड करू लागलो. अशा कामगारांना दुसरे काम शिकवण्याची एक सरकारी योजना होती. तिच्या समन्वयक श्रीमती सुमन वाघमारे एका दुपारी शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या घरी आल्या. मोटार रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने भरण्याचा वर्ग सुरू होत असल्याचे त्यांनी सांगितले. या वयात शाळेत जायला मी काही खुळा नाही, असे मी त्यांना फाडकन सुनावले. मॅडम माझ्या बायकोकडे वळल्या. हे दिवसभर घरातच असतात का, असे त्यांनी तिला विचारले.

ती म्हणाली, "व्हय की मॅडम. लई तरास हाय."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात होतो.

हा वर्ग सुरू करण्यामागे मॅडमची केवढी पायपीट होती, ते मला नंतर कळले. वरून आलेल्या यादीत संगणकाचे, दुकानात माल विकण्याचे असले वर्ग होते. मॅडमनी ती यादी बाजूला ठेवली आणि स्कूटरवरून अक्कलकोट, मैंदर्गीपर्यंत जाऊन शेतपंप दुरुस्त करणाऱ्यांना गाठले. तुम्हाला कुठल्या कामाला माणूस मिळत नाही, एवढाच त्यांचा प्रश्न असे. मग त्या आमच्याकडे येऊन आमचे हात बघत. ज्याला सुताचा ताण बोटांनी कळतो त्याला तारेचाही कळेल, असे त्यांचे म्हणणे होते. ते शंभर टक्के खरे निघाले. पण त्याआधी एक मोठीच फजिती झाली.

वर्गात आम्ही वीस जण होतो. आम्हाला शिकवणारे कदम सर आपल्या विषयात पक्के होते, पण बोलायचे फळ्याकडे तोंड करून. आमच्याकडे वळलेच, तर त्यांच्या भरघोस मिशा ओठांवर उतरलेल्या असत. मागांच्या खडखडाटात आयुष्य काढल्याने आम्हा सगळ्यांचेच कान गेलेले. कारखान्यात ते कधी जाणवले नाही, कारण तिथे सगळेच एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. वर्गात मात्र सरांचा शब्द कळेना, आणि कळत नाही हे सांगायची लाज. "समजलं का?" असे सरांच्या चेहऱ्यावर दिसले, की विसाच्या वीस माना डोलायच्या. मला तर भीतीच बसली होती. बहिरा आहे हे कळले तर अपात्र म्हणून नाव कापतील, आणि पुन्हा घरी बसायची वेळ येईल. नवे काम मिळवायची ही माझी शेवटची संधी होती.

पहिल्या चाचणीत आम्ही सगळे आपटलो. या लोकांची शिकायची कुवत नाही, वर्ग बंद करावा, असे वरिष्ठांचे पत्र आले. शेवटच्या परीक्षेला आठवडा उरला होता. मॅडम पत्र घेऊन वर्गात आल्या आणि गुपचूप मागे जाऊन बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी मागूनच मोठ्याने सांगितले, की आजचा वर्ग सुटला, सगळ्यांनी घरी जावे. हे मला नंतर कदम सरांनी सांगितले, कारण आमच्यातला एकही जण जागचा हलला नव्हता.

मग त्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. अजिबात आवाज न काढता, नुसते ओठ हलवून त्यांनी विचारले, "जेवलासा का?"

"व्हय!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

मॅडम हसल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या आई सूतगिरणीत कामाला होत्या आणि त्यांच्या घरात लहानपणापासून असेच बोलणे चाले, हे आम्हाला त्या दिवशी कळले. मॅडमनी आम्हाला त्याच पद्धतीने, अगदी सावकाश बजावले, "कान गेल्याची लाज नको. न कळता मान हलवायची मात्र लाज वाटू द्या."

वरिष्ठांना त्यांनी लिहिले, की उमेदवारांची कुवत चांगली आहे, त्यांना शिकवण्याची पद्धत बदलायला हवी आणि परीक्षेपर्यंत वर्ग चालू ठेवावा. ते पत्र पाठवण्याआधी कदम सरांना वाचायला दिले, त्यांच्या माघारी एक अक्षरही कळवले नाही. सरांनीही मोठे मन दाखवले. दुसऱ्या दिवशी ते मिशा कातरून आले आणि उरलेला आठवडा सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे तोंड करून शिकवत राहिले. मॅडमनी आम्हाला सरकारी दवाखान्यात नेऊन सगळ्यांचे कान तपासून घेतले. तिथे रांगेत पुढे घुसणाऱ्याला त्यांनी जे झापले, ते मात्र आम्हाला न बघताही ऐकू आले असते.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक कागदात डोके घालून प्रश्न विचारत होते. माझी पाळी आली. त्यांचे ओठ दिसेनात. मान आपोआप डोलायला निघाली होती, ती मी आवरली. दाराबाहेर मॅडम उभ्या होत्या, पण त्यांनी मला काही सुचवले नाही.

मी म्हणालो, "सायेब, मला ऐकाया येत न्हाय. जरा माज्याकडं बगून इचारा."

परीक्षकांनी मान वर केली, चष्मा काढला आणि प्रश्न पुन्हा विचारला. मी उत्तर दिले. पुढचा विचारला, त्याचेही दिले. मग माझ्या हाताने भरलेल्या मोटारीचे बटण दाबले. मी तिच्यावर तळवा ठेवला, तर ती झकास चालत असल्याचे हाताला कळले.

आज मैंदर्गी रस्त्याला माझे छोटे दुकान आहे. आमच्या वर्गातले बहुतेक जण याच कामात आहेत. मॅडमनी साठी गाठली म्हणतात, पण स्कूटरचा वेग काही कमी झालेला दिसत नाही. तो जरा कमी करावा, ही एक विनंती. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो आणि त्यांची तडफ अशीच राहो. मॅडम, तुम्ही माझ्या हाताला काम दिलेत, त्याचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. पण एवढे सांगतो, की त्या दिवसापासून आजपर्यंत न कळता मी कुणापुढेही मान हलवलेली नाही.