संगिनीवरचे कुंकू

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही झोप मोडते ती एका साध्या जप्तीच्या आठवणीने. कागदोपत्री ते प्रकरण केव्हाच निकाली निघाले. कागदावर जे आले नाही, ते सांगायला मात्र मला इतकी वर्षे लागली.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापूर जिल्ह्यात, कर्नाटकाकडच्या भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. जवळच्या गावात कुस्त्यांच्या मैदानात, भर गर्दीत एकाच्या दंडावर वार झाला. मारणारा त्याला दिसला नव्हता. आठ दिवस झाले तरी आरोपी नाही, आणि वरिष्ठ रोज सकाळी फोनवर विचारत. दसऱ्याच्या सकाळी आमचा एक खबऱ्या आला.

"साहेब, त्या गावात एका माजी सैनिकाच्या घरात हातभर लांब हत्यार हाय. त्याचं पोरगं मैदानात हुतं."

"तू बघितलंस?"

"बघितल्याबिगर सांगतोय व्हय?"

दोन पंच घेऊन गेलो. मुलाचे वडील साठीचे, लष्करातून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांनी पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून आणलेली बंदुकीची संगीन देव्हाऱ्यात, देवांच्या शेजारी ठेवली होती. लांब पाते, लाकडी मूठ, पुसट झालेला शिक्का. पात्यावर तेलकट लाल डाग होते.

"काल खंडेनवमी झाली न्हवं, साहेब? पूजा केली. कुंकू हाय ते," वडील म्हणाले.

ते कुंकू आहे हे मला कळत होते. आदल्याच दिवशी ठाण्यातल्या रायफलींना मी माझ्या हाताने हळदकुंकू वाहिले होते. त्यांच्यावरही तसेच डाग होते. तरीही पंचनाम्याचा मजकूर सांगताना मी म्हणालो, "घरातील कोनाड्यातून, रक्तासारखे लाल डाग असलेले धारदार हत्यार मिळून आले."

हवालदाराचा हात थांबला. "कोनाडा, साहेब?"

"लिही."

पंचांनी सह्या केल्या. संगीन कापडात गुंडाळून लाखेने सील केली आणि मुलाला अटक केली. मुलगा वीस वर्षांचा होता. सैन्यभरतीचे धावणे, वैद्यकीय, लेखी असे सगळे पार करून बसला होता. राहिली होती फक्त पोलीस पडताळणी.

चौकशीत दोन दिवस तो एकच सांगत राहिला. "मैदानात हुतो, पण कुस्ती बघत हुतो. संगीन घरातनं भायेर गेलीच न्हाय." खोटे बोलणारा माणूस प्रत्येक वेळी तपशील वाढवत जातो. या मुलाने एक शब्दही वाढवला नाही. ते माझ्या लक्षात आले होते. शेवटी तोच मला विचारू लागला, "माझ्या भरतीचं काय हुणार, तेवढं सांगा की, साहेब."

त्याचे वडील रोज सकाळी पदके लावलेला कोट घालून येत आणि ठाण्याच्या बाकावर ताठ बसत. हवालदार चेष्टा करी, "काय सुभेदार, आज परेड हाय काय?"

"मी नाईक हुतो," ते म्हणत. "वाढवून सांगू नगा."

पंधरा दिवसांनी तोच खबऱ्या पुन्हा आला. इकडचे तिकडचे बोलून हळूच म्हणाला, "साहेब, ती संगीन मुद्देमालातनं कधी सुटतीया?"

"तुला काय करायचीय?"

"मला न्हाय. कोल्हापुरातलं एक पावणं हाय. जुनी हत्यारं जमवणाऱ्या शौकिनांना इकतंय."

त्याच दुपारी त्या व्यापाऱ्याला बोलावून घेतले. फार ताणावे लागले नाही. संगिनीसाठी तो त्या घरी तीनदा जाऊन आला होता. "शेवटच्या खेपंला म्हातारा म्हणला, देवातली वस्तू इकत असत्यात व्हय, पावणं? च्या पाजला आन् वाटंला लावलं," तो म्हणाला. पोलिसांनी एकदा उचलली की पुढे कोणाला तरी हाताशी धरून ती काढता येईल, असा त्याचा विचार होता. खबऱ्याला त्यानेच पाठवले होते.

मुलाला सोडण्याचा अहवाल त्याच आठवड्यात मी कोर्टात द्यायला हवा होता. पण गुन्हा उघडकीस आल्याची बातमी छापून आली होती, वरिष्ठांनी पाठ थोपटली होती. अहवाल दिला असता तर 'कोनाडा' आणि 'रक्तासारखे' या शब्दांचा जाब मला द्यावा लागला असता. मी गप्प बसलो. मुलगा जामिनावर सुटला, मी दोषारोपपत्र पाठवले. भरतीकडून पडताळणीचा कागद आला, त्यावर मीच लिहिले, 'गुन्हा न्यायप्रविष्ट.'

खटला उभा राहायला चार वर्षे गेली. डाग रक्ताचे नाहीत, असा रासायनिक तपासणीचा अहवाल होता. मुलगा निर्दोष सुटला. तोवर त्याचे भरतीचे वय उलटले होते. संगीन परत देण्याचा हुकूमही झाला, पण ती न्यायला वडील राहिले नव्हते.

दोन हजारनंतर मी वरच्या पदावर पुन्हा त्याच भागात आलो. एका सकाळी रस्त्याकडेने पंधरा-वीस पोरे पळताना दिसली. गळ्यात शिट्टी अडकवून त्यांच्याबरोबर पळत होता तो निर्दोष सुटलेला मुलगा. मी गाडी थांबवली.

"काय चाललंय?"

"पोरं भरतीला तयार करतोय. गेल्या खेपंला चौघं लागली." मग जरा थांबून म्हणाला, "साहेब, ह्यांची पडताळणीची कागदं तुमच्याकडंच येणार. असंल ते लिवा. नसंल ते तेवढं लिवू नगा."

मी काही बोलायच्या आत त्याने शिट्टी फुंकली. पोरे सुटली, त्यांच्यामागून तोही.

पुढे नव्या फौजदारांना मी सांगत असे, पंचनाम्यात डोळ्याला दिसेल तेवढेच लिहा. ते मान डोलवत. हे मी कुठे शिकलो, असे त्यांनी कधी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. एका शब्दाने माणसाचे आयुष्य कुठल्या कुठे जाते, हे मला त्या प्रकरणाने शिकवले, पण शिकवणीची झळ त्या मुलाला बसली. त्याची माफी मागायची राहून गेली. पुराव्याअभावी तो निर्दोष सुटला, असे निकालपत्र सांगते. संगिनीवर रक्त नव्हते हे मला पहिल्या सकाळपासून माहीत होते, हे मात्र कुठल्याच कागदावर नाही. म्हणून इथे लिहीत आहे.